कानातील नळी आणि औषधास दाद न देणारे जंतू

मुलाच्या कानातून पू येऊ लागला की 'कान फुटला' असे वऱ्हाडात म्हणतात. ज्या मुलाच्या कानाच्या पडद्यात वैद्यांनी मुद्दाम नळी बसविली आहे त्याचा कान वाहू लागला, आणि पुवातील जंतू बहुतेक प्रतिजैविकांना जुमानत नाहीत असा प्रयोगशाळेचा अहवाल हाती पडला, म्हणजे पालकांचा धीर सुटतो. त्या अहवालाचा अर्थ कसा लावावा, एवढाच प्रश्न येथे विचारार्थ घेतला आहे.

मध्यकर्णात द्रव साचून राहिल्यास मुलास कमी ऐकू येते व त्याचे बोलणेही मागे पडते. अशा कानात हवा खेळावी म्हणून पडद्यात बारीक नळी बसवितात. आर्मस्ट्राँग यांनी 1954 मध्ये ही पद्धती नव्याने रूढ केली. नळी साधारणतः सहा ते अठरा महिन्यांत आपोआप गळून पडते. मात्र हवेची ही वाट पाण्यालाही मोकळी असते. बुलढाणा जिल्ह्यात पैनगंगेच्या वा पूर्णेच्या पात्रात, शेततळ्यात किंवा विहिरीत डुंबणाऱ्या मुलास हे विशेष लागू पडते. कारण कान वाहण्यास कारण होणारा 'स्युडोमोनस' हा जंतू ओलाव्यातच वाढतो व अनेक औषधांना स्वभावतःच दाद देत नाही.

आता अहवालाकडे वळू. प्रयोगशाळा जंतूस 'रोधक' ठरविते ती पोटातून वा शिरेतून दिलेले औषध शरीरात जेवढे पोहोचू शकते त्या प्रमाणावरून. हे प्रमाण दर मिलिलिटरला थोडे मायक्रोग्रॅम इतकेच असते. याउलट 0.3 टक्के सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या थेंबांत ते दर मिलिलिटरला 3000 मायक्रोग्रॅम भरते. नळीवाटे हे थेंब थेट मध्यकर्णात उतरतात. म्हणून कागदावर रोधक ठरलेला जंतूही थेंबांपुढे बहुधा टिकत नाही. नेदरलंड्समधील 230 मुलांवरील प्रयोगात (2014) दोन आठवड्यांनंतर थेंब घेतलेल्या मुलांपैकी 5 टक्के, पोटातून औषध घेतलेल्यांपैकी 44 टक्के आणि केवळ निरीक्षणाखाली ठेवलेल्यांपैकी 55 टक्के मुलांचे कान वाहतच होते. ताप वा अन्य उपद्रव नसता गोळ्या-सिरपांची एकामागून एक योजना करणे म्हणजे रोधक जंतूंनाच पोसणे होय, असे आमचे मत आहे.

थेंबांचीही निवड हवी. जेंटामायसिन, निओमायसिन यांसारखी औषधे अंतःकर्णास अपाय करू शकतात. नळी असता ती टाळणे बरे. घरगुती तेल तर मुळीच घालू नये.

थेंब निष्फळ ठरतात तेव्हा बहुधा ते आत पोहोचलेलेच नसतात. पुवाने नळीचे तोंड बुजलेले असते. वैद्याकडून कान शोषून स्वच्छ करवावा, मुलास कुशीवर निजवून थेंब घालावेत व कानाच्या छिद्रापुढील उंचवटा काही वेळा दाबावा. एवढ्याने भागले नाही तर पुवाची पुन्हा परीक्षा करवावी. त्यात बुरशी आढळण्याचाही संभव असतो, आणि प्रतिजैविकांच्या दीर्घ वापराने तीच बळावते. बुलढाण्यास 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. सूक्ष्मजीवशास्त्र हा अशा महाविद्यालयाचा आवश्यक विभाग असल्याने संग्रामपूर वा जळगाव जामोदच्या पालकांस या परीक्षेसाठी दूरच्या शहराचा विचार करण्याआधी तेथे चौकशी करता येईल.

कित्येकदा जंतू नळीच्या पृष्ठभागावर चिकट थर करून राहतात. त्या थरात औषध नीट शिरत नाही; मग नळी काढून टाकणे हाच उपचार ठरतो. शिरेतून द्यावयाची तीव्र औषधे त्यानंतरच्या, किंवा कानामागे सूज व ताप असलेल्या रुग्णासाठी राखून ठेवावीत.