दोन पेट्या, दोन फिल्टर आणि ३९० अश्वशक्ती

भोसरी एमआयडीसीतल्या गॅरेजमध्ये मर्सिडीज-एएमजी जीएलसी ४३ येऊन उभी राहिली, बॉनेट वर गेलं, तरी फोरमनने पान्याला हात लावला नव्हता. इंजिन चालू ठेवून तो आधी दोन्ही बाजूंच्या फिल्टरपेट्यांवरून हात फिरवत होता. झाकणाची कड कुठे उचलली आहे का, क्लिप नीट बसली आहे का, हे बोटांनी चाचपत होता. गाडीचे मालक शेजारी उभे होते आणि त्यांच्याजवळ एकच प्रश्न होता.

“दादा, इनटेक बदलला की पिकअप किती वाढेल?”

“साहेब, आत्ता किती आहे ते आधी मोजू. मग वाढला की नाही ते बोलता येईल.” फोरमनने स्कॅनरची केबल स्टिअरिंगखालच्या सॉकेटला जोडली.

ही गाडी भोसरीपासून फार लांब तयार झालेली नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये बाजारात आलेली जीएलसी ४३ कूपे ही भारतात जुळणी झालेली पहिली एएमजी, आणि ती जुळणी चाकणच्या कारखान्यात होत असे. तेव्हाची शोरूममधली किंमत ७६.७० लाख रुपये. तीन लिटरचं व्ही-६ पेट्रोल इंजिन, त्याला दोन टर्बो, ३९० अश्वशक्ती, ५२० न्यूटन-मीटर टॉर्क आणि शून्यापासून शंभरचा वेग ४.९ सेकंदांत. एवढं सगळं हाताशी असूनही अशा गाडीचे मालक आणखी थोडं मागतात. त्यांची सुरुवात बहुतेक वेळा इनटेकपासून, म्हणजे इंजिनाला हवा नेणाऱ्या फिल्टरपेट्या आणि नळ्यांपासून होते, कारण हे काम इंजिन न उघडता होतं, अर्ध्या दिवसात आटोपतं आणि नको वाटलं तर मूळ पेट्या पुन्हा बसवता येतात.

काम सोपं असलं तरी त्यामागचं गणित समजून घ्यावं लागतं. एक किलो पेट्रोल पूर्ण जाळायला १४.७ किलो हवा लागते. लिटरच्या हिशोबात सांगायचं तर पुण्याच्या उन्हाळ्यात एक लिटर पेट्रोलमागे सुमारे दहा हजार लिटर हवा. सोसायटीत पाण्याचा मोठा टँकर येतो, तेवढी हवा एका लिटर पेट्रोलसाठी. पूर्ण ताकदीने धावताना ३९० अश्वशक्तीचं इंजिन दर मिनिटाला साधारण सतरा-अठरा किलो हवा ओढतं. ही सगळी हवा आधी पुढच्या जाळीमागच्या नळ्यांतून, मग दोन फिल्टरांतून आणि शेवटी दोन टर्बोंच्या तोंडातून जाते. वाटेत कुठे अडली तर त्याची किंमत टर्बो मोजतो.

ती किंमत किती, हे आकड्यांत पाहता येतं. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर आहे, त्यामुळे इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा पाच-सहा टक्क्यांनी कमी, म्हणजे साधारण ९५० मिलिबार असतो. टर्बोला पुढे २००० मिलिबार दाब द्यायचा आहे असं समजू. फिल्टरात काहीच अडथळा नसेल तर त्याला हवा २.११ पट दाबावी लागेल. तुंबलेला फिल्टर आणि अरुंद नळा यांनी मिळून वाटेत ५० मिलिबार खाल्ले, तर टर्बोच्या तोंडाशी ९०० उरतात आणि तेच काम २.२२ पटीचं होतं. फरक किरकोळ वाटतो, पण हवा दाबली की तापते. बाहेर ३५ अंश असताना ७२ टक्के कार्यक्षमतेचा कंप्रेसर पहिल्या स्थितीत हवा सुमारे १३७ अंशांवर नेतो आणि दुसऱ्या स्थितीत १४५ अंशांवर. वरची ही आठ अंशांची उष्णता दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरला बाहेर टाकावी लागते. टर्बोलाही जास्त वेगाने फिरावं लागतं आणि त्यासाठी एक्झॉस्टमधून जास्त जोर घ्यावा लागतो.

विरळ हवेची तूट भरून काढणं हे तर टर्बोचं जुनंच काम. १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचं लिबर्टी इंजिन पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या डोंगरावर नेऊन टर्बोची चाचणी घेतली होती. खाली ३५० अश्वशक्ती देणारं ते इंजिन शिखरावर टर्बोशिवाय २३० वर आलं आणि टर्बो जोडताच ३५६ वर गेलं. पुण्याची गाडी महाबळेश्वरला चढते तेव्हा टर्बो हेच करतो. मात्र उंचीने घेतलेला दाब आणि घाणेरड्या फिल्टरने घेतलेला दाब यांत टर्बोला फरक कळत नाही. दोन्हींची भरपाई तो त्याच जादा फिरण्यातून करतो.

गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये डायनो, म्हणजे गाडी रोलरांवर चालवून तिची ताकद मोजणारं यंत्र आहे. जीएलसी ४३ ची चारही चाकं ओढतात, ३१ टक्के जोर पुढे आणि ६९ टक्के मागे, त्यामुळे दोन रोलरांचा डायनो इथे चालत नाही. चार रोलरांवर गाडी पट्ट्यांनी बांधली गेली. पुढे ड्रमएवढा पंखा लागला आणि इंजिन नेहमीच्या तापमानाला येईपर्यंत सगळे थांबले. टाकीत कोणतं पेट्रोल आहे, हेही फोरमनने विचारून लिहून घेतलं. इंधन बदललं तर आधीची आणि नंतरची तुलना फोल ठरते.

मग पहिली चाचणी. स्कॅनरवर चार ओळी खुल्या होत्या: टर्बोचा मागितलेला दाब, प्रत्यक्ष मिळालेला दाब, इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान आणि सिलिंडरनिहाय इग्निशन किती मागे खेचलं जातंय त्याचे आकडे. रेस देताना मालकांचे डोळे अश्वशक्तीच्या आलेखावर होते, फोरमनचे तापमानावर. पाठोपाठच्या चाचण्यांत ते चढत गेलं आणि तसतसा आलेख थोडा-थोडा खाली सरकला. हवा दहा अंशांनी तापली की ती जवळपास तीन टक्क्यांनी विरळ होते. शिवाय तापलेल्या हवेत नॉकिंगचा धोका वाढतो, म्हणून कंप्युटर इग्निशन मागे घेतो. एकच चाचणी घेऊन काढलेला आकडा म्हणूनच कामाचा नसतो. सारख्या तापमानाला घेतलेल्या चाचण्याच एकमेकींशेजारी ठेवायच्या असतात.

गाडी थोडी निवल्यावर पेट्या उघडल्या. डावीकडचा फिल्टर करडा झालेला, घड्यांमध्ये धूळ, दोन-तीन वाळलेली पानं आणि एक माशी. वापरलेल्या फिल्टरात एवढं असायचंच. उजवीकडचा बाहेर काढताना मात्र फोरमन थांबला. फिल्टरच्या रबरी कडेवर एका कोपऱ्यात घडी पडली होती. आधीच्या सर्व्हिसला तो कुणीतरी तिरपा बसवला असावा. पेटीच्या आत, टर्बोकडच्या स्वच्छ बाजूला, त्या कोपऱ्यापासून नळ्याच्या तोंडापर्यंत तांबूस धुळीची एक पातळ रेघ गेलेली होती. त्याने पांढरं फडकं बोटाला गुंडाळून तिच्यावरून फिरवलं आणि मालकांपुढे धरलं. चाकण-तळेगाव रस्त्यावरची बारीक माती फडक्यावर स्पष्ट दिसत होती.

“ही फिल्टर न लागता आत गेलीय. लाखाचा इनटेक लावून असा तिरपा बसवला, तर याहून वाईट.”

टर्बोची पाती मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतात. एवढ्या वेगात बारीक वाळूही पात्यांच्या कडा झिजवते आणि जी धूळ पुढे जाते ती सिलिंडर आणि पिस्टनच्या रिंगांवर घासते. इनटेक निवडताना “किती हवा जाते” याच्या जोडीला “किती धूळ अडते” हे विचारावं लागतं ते यासाठी. त्याची मोजणी होते. आयएसओ ५०११ ही जागतिक चाचणीपद्धत ठरावीक दर्जाची धूळ सोडून फिल्टरचा अडथळा, धूळ अडवण्याची क्षमता आणि तुंबेपर्यंत तो किती धूळ पोटात घेतो, या तिन्ही गोष्टी मोजते. यातले टक्के नीट वाचावे लागतात. एक फिल्टर ९९ टक्के धूळ अडवतो आणि दुसरा ९८. ऐकायला फरक एका टक्क्याचा, पण दुसऱ्यातून इंजिनात जाणारी धूळ दुप्पट.

गॅरेजच्या टेबलावर तीन पर्याय मांडलेले होते. पहिला, मूळ पेटीत बसणारा जास्त हवा सोडणारा फिल्टर. तेल लावलेल्या सुती कापडाचा हा प्रकार जगभर पोहोचवला तो कॅलिफोर्नियातल्या केन जॉन्सन आणि नॉर्म मॅकडॉनल्ड यांनी. त्यांच्या नावांच्या आद्याक्षरांतूनच के अँड एन हे नाव आलं. तो धुऊन पुन्हा वापरता येतो. पण धुतल्यावर तेल जास्त लावलं, तर ज्या गाड्यांत हवा मोजणारी तापती तार असते तिच्यावर ते बसतं आणि आकडे चुकू लागतात. दुसरा पर्याय उघड्या शंकूच्या आकाराचे फिल्टर. दिसायला देखणे, आवाज भरपूर. तिसरा पर्याय बंद कार्बन फायबर पेटी: आत मोठा फिल्टर आणि हवा थेट पुढच्या जाळीतून.

मालकांचं मन उघड्या शंकूवर होतं. फोरमनने नकार दिला नाही. शंकू तात्पुरते बसवून त्याने गाडी पंख्याशिवाय उभी ठेवली आणि स्कॅनर त्यांच्या हातात दिला. सिग्नलला उभं राहिल्यासारखी ती गाडी, आणि दोन टर्बोंच्या भट्टीशेजारी दोन उघडे फिल्टर. तापमानाचा आकडा बाहेरच्या हवेला केव्हाच मागे टाकून चढत राहिला. पुण्यात संध्याकाळी विद्यापीठ चौकातून घरी जाणारी गाडी बराच वेळ अशाच अवस्थेत असते. हवा खेळू लागली की आकडा उतरतो, पण तापलेलं प्लॅस्टिक आणि धातू निवायला वेळ घेतात. ज्या क्षणी चालक ओव्हरटेकसाठी पाय दाबतो, त्याच क्षणी इंजिनाला गरम हवा मिळते. मालकांनी न सांगताच शंकू बाजूला ठेवले.

बंद पेट्या बसवायला घेतल्या तेव्हा गॅरेजमधला मुलगा पुढे झाला. पहिली गोष्ट, दोन्ही टर्बोंची तोंडं धागे न सुटणाऱ्या स्वच्छ फडक्यांनी बंद. वरून एक वॉशर आत पडला तरी टर्बो गेला. नळ्यांत तेलाचा हलका थर होता. तो इंजिनाच्या श्वसननळीतून येणाऱ्या वाफेचा, त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. पण नव्या सिलिकॉन होजखाली तेल राहिलं तर दाबात होज सरकते, म्हणून तो पुसून काढला. क्लॅम्प आवळताना मुलाचा हात जरा जोरात चालला, तशी फोरमनची हाक आली: “बास! होज कापशील.” होजच्या कडेपासून क्लॅम्प सगळीकडे सारख्या अंतरावर आहे ना, पेटी इंजिनाला किंवा बॉनेटला टेकत नाही ना, हे टॉर्च धरून पाहिलं. शेवटी गळती शोधायला नळ्यांत धूर सोडला. एका जोडातून बारीक रेघ बाहेर आली. तो जोड उघडून पुन्हा बसवला, धूर पुन्हा सोडला आणि रेघ थांबली.

मग गाडी परत डायनोवर. तापमान पहिल्या चाचणीइतकंच असताना घेतलेला आलेख आधीच्या आलेखावर ठेवला. वरच्या फेऱ्यांत रेघ थोडी वर होती, खाली आणि मधे जवळजवळ एकमेकींवर. त्यातला काही वाटा नव्या पेटीचा, काही केवळ घाणेरडा फिल्टर गेल्याचा. मालकांचा चेहरा किंचित उतरला.

याचं कारण गाडीच्या कंप्युटरमध्ये आहे. आजची टर्बो इंजिनं मिळेल तेवढी हवा घेत नाहीत. चालकाचा पाय किती, गिअर कोणता, त्यानुसार कंप्युटर टॉर्कचं लक्ष्य ठरवतो आणि ते गाठायला लागेल तेवढाच दाब टर्बोकडून घेतो. वाट मोकळी झाली की टर्बोला कमी राबावं लागतं. कंप्युटर वेस्टगेट, म्हणजे एक्झॉस्टला टर्बोबाहेरून वाट देणारी झडप, जरा जास्त उघडतो आणि दाब ठरला तेवढाच राहतो. मोकळ्या इनटेकचा फायदा अशा गाडीत अश्वशक्तीपेक्षा टर्बोचा ताण, हवेचं तापमान आणि पायाला मिळणारा प्रतिसाद यांत दिसतो. कंप्युटरचं ट्यूनिंग बदलून लक्ष्यच वाढवलं तर मात्र हवेची भूक वाढते आणि तिथे इनटेक खरोखर कामाला येतो. ते पाऊल पुढचं. ते टाकायचं तर गिअरबॉक्स, इंटरकूलर, इंधन आणि वॉरंटी या सगळ्यांचा विचार आला.

कायद्याचाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही बाब ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. मूळ पेटीत दुसरा फिल्टर टाकणं आणि अख्खी पेटी व नळे बदलणं यांना एकाच मापाने मोजलं जाईलच असं नाही. म्हणून पैसे देण्याआधी उत्पादकाच्या सर्व्हिस सेंटरकडे आणि आरटीओकडे विचारणा करून ठेवलेली बरी, आणि काढलेल्या मूळ पेट्या जपून ठेवाव्यात.

वॉरंटी शिल्लक असलेल्या, मूळ ट्यूनिंगवर चालणाऱ्या गाडीला मूळ पेटी, वेळेवर बदललेला चांगला फिल्टर आणि सरळ बसलेलं रबर एवढं पुरतं, असा फोरमनचा निर्वाळा आहे आणि त्या दिवशीचे दोन आलेख त्याला दुजोरा देतात. बदल करायचाच असेल तर बंद पेटी घ्या, विक्रेत्याकडून आयएसओ ५०११ चे आकडे मागा, आणि आधीची व नंतरची चाचणी सारख्या तापमानाला, एकाच इंधनावर घेतल्याशिवाय बिल चुकतं करू नका. आणि पुढच्या सर्व्हिसला गाडी ताब्यात घेण्याआधी फिल्टरपेटी उघडायला सांगून आतली स्वच्छ बाजू पांढऱ्या फडक्याने एकदा पुसून पाहा.