पिल्लाचा व्यायाम आणि उकिरड्याची ओढ

घरात आणलेल्या कुत्र्याच्या पिल्लाला फिरवायला नेणे ही वरवर पाहता अगदी साधी गोष्ट वाटते. परंतु पहिल्या सहा-सात महिन्यांत पिल्लाच्या जिवाला जे धोके संभवतात, त्यांपैकी बरेचसे याच फेरीत दबा धरून बसलेले असतात. अतिश्रमाने त्याचे सांधे दुखावतात, उन्हाने ते कोसळू शकते, आणि रस्त्यावर पडलेली एखादी वस्तू गिळून काही तासांत दगावूही शकते. व्यायाम आणि वाटेल ते खाण्याची खोड हे दोन प्रश्न म्हणूनच वेगळे मानता येत नाहीत. पिल्लाची फेरी ही त्याला दमवण्यासाठी नसून शिकवण्यासाठी असते, हे एकदा मनावर ठसले की दोहोंचे उत्तर एकाच दिशेने सापडू लागते.

रायपूर शहराच्या उदाहरणावरून हा विषय चांगला स्पष्ट होतो. 2000 साली छत्तीसगढची राजधानी झाल्यापासून हे शहर झपाट्याने वाढले. बैठ्या घरांच्या जागी सदनिका उभ्या राहिल्या आणि अंगणात वाढणारे पिल्लू जिन्यावरून खाली न्यावे लागू लागले. तेलीबांधा तलाव किंवा विवेकानंद सरोवर म्हणून ओळखला जाणारा बुढा तालाब यांच्या परिसरात सकाळ-संध्याकाळ फिरणाऱ्यांची वर्दळ असते. अशा ठिकाणी मोकळी हवा मिळते, तसे उष्टे-खरकटेही विखुरलेले असते.

प्रथम व्यायामाचा विचार करू. पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक मऊ थर असतो. हाडाची लांबी या थरातूनच वाढते. लहान चणीच्या कुत्र्यांत तो साधारणपणे आठ ते दहा महिन्यांत कठीण होतो. मोठ्या जातींत मात्र त्यास वर्ष-दीड वर्ष लागते. तोपर्यंत उंचावरून मारलेली उडी, गुळगुळीत फरशीवरील घसरगुंडी किंवा सायकलीमागे केलेली दौड यांमुळे या थरास इजा होऊन पाय वाकडा वाढण्याचा संभव असतो.

म्हणून पिल्लास बांधून ठेवावे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. नॉर्वेत चार मोठ्या जातींच्या पिल्लांची पाहणी करण्यात आली व तिचे निष्कर्ष 2012 साली प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांच्या आतील जी पिल्ले रोज जिना चढत-उतरत, त्यांच्यात खुब्याच्या सांध्याचा विकार अधिक आढळला. याउलट मऊ, किंचित उंचसखल जमिनीवर मोकळेपणी खेळणाऱ्या पिल्लांत तो कमी आढळला. तात्पर्य, हालचाल अपायकारक नसून सक्तीची, एकसुरी आणि आदळआपट करणारी हालचाल अपायकारक असते. वयाच्या दर महिन्यामागे पाच मिनिटे चालवावे, असा एक नियम सर्वत्र सांगितला जातो. त्यास संशोधनाचा भक्कम आधार नाही. तथापि अतिरेक टाळण्यासाठी अंदाज म्हणून तो निरुपयोगी नाही. खरे माप पिल्लूच दाखवते. ते मागे रेंगाळू लागले, खाली बसले किंवा लंगडू लागले की फेरी संपली असे समजावे. सदनिकेतील पिल्लास जिन्यावरून उचलून न्यावे. दिवसातून एकदा लांब नेण्यापेक्षा तीन-चार वेळा थोडे थोडे नेणे केव्हाही श्रेयस्कर.

दुसरा पेच लसीकरणाचा आहे. पार्व्हो विषाणूचा रोग 1978 साली प्रथम ओळखला गेला आणि अल्पावधीत जगभर पसरला. हा विषाणू आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून मातीत मिसळतो व तेथे कित्येक महिने टिकून राहतो. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरण्याचा काळ प्रत्येक पिल्लात निराळा असतो आणि ती असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने लस पुन्हा पुन्हा टोचावी लागते. परंतु स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी 1965 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले की, नव्या माणसांची व परिस्थितीची भीती न धरता त्यांच्याशी जुळवून घेण्याचा पिल्लाचा काळ सुमारे तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात येतो. लस पूर्ण होईपर्यंत त्यास घरात कोंडले तर ते रोगापासून वाचते, पण जन्मभर भित्रे होण्याचा धोका राहतो. यावर मधला मार्ग असा की, या काळात पिल्लास कडेवर घेऊन रस्ता, बाजार, वाहने यांचा परिचय करून द्यावा आणि स्वच्छ अंगणात किंवा लस दिलेल्या निरोगी कुत्र्यांबरोबर खेळू द्यावे. जेथे बेवारस कुत्र्यांचा वावर असतो, त्या मातीवर मात्र त्यास उतरवू नये.

ऋतूंचाही विचार करणे अगत्याचे आहे. आपल्याकडील मोकाट कुत्र्यांची पिल्ले बहुधा हिवाळ्यात जन्मतात. डिसेंबरात जन्मलेले पिल्लू एखाद्या कुटुंबाने उचलून आणले, तर रायपूरमध्ये पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांकडे झेपावतो त्या मे महिन्यात ते पाच महिन्यांचे असते. त्याला हुंदडण्याची हौस असते, पण शरीर थंड राखण्यासाठी धापा टाकण्याखेरीज त्याच्याजवळ विशेष साधन नसते. मेअखेरीस येणाऱ्या नवतपाच्या दिवसांत डांबरी रस्ता सूर्यास्तानंतरही बराच वेळ तापलेला राहतो. तळहाताची मागची बाजू सात-आठ सेकंद रस्त्यावर टेकवून पाहावी. माणसास सोसत नसेल तर पिल्लाच्या तळव्यांसही सोसणार नाही. या दिवसांत फेरी सूर्योदयापूर्वीच उरकावी. पिल्लू जोरजोराने धापा टाकू लागले, तोंडातून चिकट लाळ गळू लागली व पाय लटपटू लागले, तर त्यास सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि विनाविलंब पशुवैद्याकडे न्यावे.

हेच महिने दात बदलण्याचेही असतात. चौथ्या ते सातव्या महिन्यात दुधाचे दात पडून कायमचे दात येतात, हिरड्या शिवशिवतात आणि दिसेल ती वस्तू चावण्याची इच्छा अनावर होते. नेमक्या याच सुमारास रस्त्यावर आंब्याच्या कोयी पडू लागतात, आणि पावसाळा सुरू होताच दाणे खाल्लेली मक्याची कणसेही त्यांत भर घालतात. दोन्ही वस्तू पोटात विरघळत नाहीत. आतड्यात अडकल्या तर शस्त्रक्रियेवाचून उपाय राहत नाही.

परंतु उकिरड्याची ही ओढ केवळ दातांमुळे निर्माण होत नाही. तिचे मूळ फार प्राचीन आहे. मानवी वस्तीच्या कचऱ्यावर जगता जगता काही लांडगे माणसाळले आणि त्यांचेच पुढे कुत्रे झाले, असे मत रेमंड व लॉर्ना कॉपिंजर यांनी 2001 साली मांडले. हे मत सर्वमान्य नाही. मात्र कुत्र्यात पिष्टमय अन्न पचवणारी जनुके लांडग्याहून अधिक असतात, हे 2013 मध्ये सिद्ध झाले. भात-पोळीचे तुकडे खाऊन जगणे त्याच्या शरीरास मानवते ते यामुळेच. पश्चिम बंगालमधील मोकाट कुत्र्यांवर अनिंदिता भद्र यांच्या गटाने केलेले संशोधन याहून उद्बोधक आहे. प्रौढ कुत्री मांसाच्या वासाकडे प्रथम धाव घेतात. पिल्लांमध्ये मात्र ही आवड उपजत नसते, असे 2014 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात दिसून आले. हुंगणे व तोंड घालणे उपजत असले, तरी अन्न कोणते मानायचे हे बव्हंशी शिकण्यातून ठरते. मोकाट पिल्लास हे शिक्षण आईच्या संगतीत मिळते. घरातील पिल्लाबाबत ती जबाबदारी माणसावर येते.

येथेच सर्वसाधारण चूक घडते. पिल्लाने हाड उचलले की माणूस ओरडत धावतो, जबडा उघडून ते हिसकावतो. यातून पिल्लू एवढेच शिकते की, सापडलेली वस्तू चटकन गिळावी, नाही तर ती जाते. त्याऐवजी अदलाबदलीचा मार्ग अवलंबावा. आधी घरातच, साध्या खेळण्यावर सराव करावा. पिल्लाच्या तोंडात खेळणे असताना त्याच्या नाकाशी उकडलेल्या मांसाचा किंवा पनीरचा तुकडा धरावा. त्याने खेळणे सोडताच ‘सोड’ म्हणावे, तुकडा द्यावा आणि खेळणेही परत करावे. सोडल्याने तोटा होत नाही अशी खात्री पटली की शब्द आधी उच्चारावा. पुढील पायरी जमिनीवरील वस्तूस तोंड न लावण्याची. मुठीत खाऊ झाकून ठेवावा आणि पिल्लाने धडपड थांबवून मान वर करताच दुसऱ्या हातातून बक्षीस द्यावे. हळूहळू मूठ उघडावी, मग खाऊ जमिनीवर ठेवावा, आणि अखेरीस हाच पाठ रस्त्यावर गिरवावा.

शब्दांच्या बाबतीत एक दक्षता घेतली पाहिजे. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून मराठी वस्ती असलेल्या रायपुरात घरात मराठी, बाजारात हिंदी व कामावर येणाऱ्या माणसांच्या तोंडी छत्तीसगढी असते. घरचे ‘थांब’ म्हणतात आणि फिरवणारा मुलगा ‘रुक’ म्हणतो. पिल्लास भाषा कळत नाही, ध्वनी कळतो. कोणत्याही भाषेतील शब्द चालेल, परंतु तो सर्वांनी एकच वापरावा.

शिक्षण पक्के होण्यास आठवडे लागतात. तोवर सावधगिरी हाच उपाय. पट्टा हाताच्या अंतरात ठेवावा. थोडे खाऊ घालून मगच बाहेर न्यावे. मांसविक्रीची दुकाने, तलावाकाठची नैवेद्याची जागा आणि नवरात्र-गणेशोत्सवातील भंडाऱ्यांनंतर द्रोण-पत्रावळी पडतात तो रस्ता टाळावा. शिजवलेल्या हाडांचे टोकदार तुकडे होतात. खरकटे बांधलेली प्लास्टिकची पिशवी पिल्लू अन्नासकट गिळते. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका व चॉकलेट कुत्र्यास विषारी ठरतात. उंदरांसाठी ठेवलेले विष तर प्राणघातकच. जैवइंधनासाठी छत्तीसगढात 2005 च्या सुमारास मोठ्या प्रमाणावर लावण्यात आलेल्या रतनजोतीच्या, म्हणजेच मोगली एरंडाच्या, बियांनी जुलाब-उलट्या होतात. पावसाळ्यात पिल्लू भेकास तोंड लावते व त्याच्या अंगच्या स्रावाने लाळ गाळू लागते. खोड फारच जडली असेल, तर जाळीदार मुसके हळूहळू सवयीचे करून वापरावे. ते शिक्षा म्हणून नव्हे, संरक्षण म्हणून असते, आणि त्यातून धाप टाकता व पाणी पिता आले पाहिजे.

एखादी घातक वस्तू पोटात गेलीच, तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्याचा घरगुती उपाय करू नये; त्याने नवा अपाय होतो. वस्तूचा नमुना किंवा वेष्टन बरोबर घेऊन पशुवैद्याकडे जावे. वारंवार उलट्या, रक्तमिश्रित जुलाब, फुगलेले पोट किंवा फटफटीत हिरड्या दिसल्यास सकाळची वाट पाहू नये. माती, दगड खाण्याची सवय जंत किंवा रक्तक्षयामुळेही लागते. तेव्हा जंताचे औषध वेळच्या वेळी द्यावे. तोंडातील वस्तू काढताना माणसास दात लागला, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. रेबीजच्या बाबतीत हयगय परवडत नाही.

हुंगण्याची हौस मात्र मोडू नये. पिल्लाचे जग नाकातून उलगडते, आणि दहा मिनिटे मनसोक्त हुंगलेले पिल्लू नुसते चालवून आणलेल्या पिल्लाहून अधिक समाधानाने झोपते. घरात कापडाच्या घडीत दडवलेले दाणे शोधायला लावले, तर उकिरड्यावर जी बुद्धी खर्च झाली असती ती तेथे कामी येते. शोधण्याची वृत्ती कुत्र्याने हजारो वर्षांत कमावली आहे आणि ती नाहीशी करता येत नाही. काय शोधावे आणि काय सोडून द्यावे, एवढे मात्र माणसाला शिकवता येते. आणि ते पहिल्या वर्षात शिकवणे सर्वांत सोपे असते.