खाणकामाची पर्यावरणीय व्यवहार्यता : अवकाशीय विश्लेषणाची भूमिका

भारतातील कोळशाचे अनेक मोठे साठे वनप्रदेशांखाली आहेत. त्यामुळे कोणता साठा काढावा आणि कोणता भूगर्भातच राहू द्यावा, हा प्रश्न आर्थिक तसाच पर्यावरणीयही ठरतो. अशा निर्णयासाठी अवकाशीय विश्लेषण उपयुक्त असते. भौगोलिक माहिती प्रणालीमध्ये वनाच्छादन, जलप्रवाह, वन्यजीवांचे अधिवास आणि खाणपट्ट्यांच्या सीमा यांचे नकाशे एकमेकांवर ठेवून संघर्षाची ठिकाणे निश्चित केली जातात.

केंद्रीय पर्यावरण व कोळसा मंत्रालयांनी २००९ मध्ये नऊ कोळसा क्षेत्रांची अशी तपासणी हाती घेतली. त्यांत सिंगरौली, तालचेर, हसदेव-अरण्य आणि महाराष्ट्रातील वर्धा खोरे यांचा समावेश होता. एकूण वनाच्छादन ३० टक्क्यांहून किंवा भारित वनाच्छादन १० टक्क्यांहून अधिक असलेले खाणपट्टे ‘वर्ज्य’ मानण्यात आले.

भारित वनाच्छादन म्हणजे वनाच्या घनतेनुसार भार देऊन काढलेले प्रमाण. उदाहरणार्थ, १० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात ४ चौरस किलोमीटर वन असल्यास एकूण वनाच्छादन ४० टक्के होते. मात्र ते सर्व विरळ (घनता १० ते ४० टक्के) असेल आणि भार ०.२५ धरला, तर भारित प्रमाण १० टक्के येते. अतिदाट (७० टक्क्यांहून अधिक) वनासाठी ०.८५ भार धरल्यास ते ३४ टक्के होते. क्षेत्र तेवढेच असले तरी वनाचे मूल्य वेगळे, हे यातून स्पष्ट होते.

छत्तीसगडमधील हसदेव-अरण्य हे संपूर्ण क्षेत्र वर्ज्य ठरले होते. तरीही जून २०११ मध्ये, वन सल्लागार समितीची शिफारस प्रतिकूल असताना, तेथील तीन खाणपट्ट्यांना पहिल्या टप्प्याची मंजुरी मिळाली. हे पट्टे अरण्याच्या कडेला असून डोंगररांगेमुळे त्यांचे पाणलोट क्षेत्र वेगळे आहे, हे त्यामागील एक कारण होते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मार्च २०१४ मध्ये परसा पूर्व व केते बासन या पट्ट्यांची वनमंजुरी रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीनंतर खाणकाम सुरू राहिले. भारतीय वन्यजीव संस्थेने २०२१ च्या अहवालात मात्र सुरू असलेली खाण वगळता उर्वरित क्षेत्र वर्ज्य ठेवण्याची शिफारस करून मानव-हत्ती संघर्षाचा इशारा दिला.

एकच भूभाग पट्ट्यागणिक पाहिला तर ‘कडेचा’ दिसतो आणि सलग अरण्य म्हणून पाहिला तर हत्तींच्या वाटेचा भाग ठरतो. म्हणून मोजमापाचे एकक व मर्यादामूल्ये यांची निवड निर्णायक असते. वनहक्क कायदा, २००६ अन्वये मिळालेले हक्क आणि ग्रामसभेचे मत उपग्रहचित्रात उमटत नाही. नकाशा निर्णयाची किंमत दाखवतो. ती कोणी सोसावी, हे ठरविण्याची जबाबदारी लोकशाही संस्थांचीच राहते.