परसबागेतील मिरची

घराच्या अंगणात, परसात किंवा कुंडीत घरगुती वापरासाठी बियांपासून वाढवलेल्या मिरचीला परसबागेतील मिरची म्हणतात. मिरचीचे शास्त्रीय नाव कॅप्सिकम ॲन्युअम असून वांगी, टोमॅटो व बटाटा यांच्याप्रमाणे ती सोलॅनेसी कुळात मोडते. तिचे मूळ अमेरिका खंडात असून भारतात ती सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर आली. त्यापूर्वी येथील स्वयंपाकात तिखटपणासाठी मुख्यतः मिरी वापरली जाई. मिरचीचे नावही मिरीवरूनच पडले.

नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेकडील नांदगाव तालुका पर्जन्यछायेत येतो व उन्हाळ्यात येथे पाण्याची टंचाई असते. भाज्यांचे मोठे वाफे राखणे अशा वेळी अवघड होते. मात्र मिरचीची चार-सहा झाडे भाज्या-धान्य धुतलेल्या पाण्यावरही तग धरतात आणि लहान कुटुंबाची हिरव्या मिरचीची गरज बरीचशी भागवतात.

बियाणे

घरच्या मिरचीचे यश खतापेक्षा बियाण्यावर अधिक अवलंबून असते. बाजारातील पुष्कळ वाण संकरित असतात. त्यांच्या फळातील बी उगवते, परंतु पुढच्या पिढीतील झाडे एकसारखी निघत नाहीत. उंची, फळाचा आकार व तिखटपणा यांत फरक पडतो. दरवर्षी घरचेच बी वापरायचे असल्यास सरळ वाण निवडणे श्रेयस्कर. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘फुले ज्योती’ आणि दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा ‘पुसा ज्वाला’ हे असे वाण आहेत.

सरळ वाणातही एक अडचण राहते. मिरचीचे फूल स्वतःच्या परागाने फळते, तरी कीटकांमुळे परपरागीकरणही बऱ्याच प्रमाणात होते. शेजारी ढोबळी मिरची असेल, तर पुढच्या वर्षीची मिरची सपक निघाल्याचा दोष मातीला देण्यात अर्थ नाही. यावर उपाय सोपा आहे : कळ्या उमलण्यापूर्वी एका फांदीला मलमलीची सैल पिशवी बांधावी, फांदी अधूनमधून हलवावी आणि फळ धरल्यावर पिशवी काढून त्या फळांना दोरा बांधून खूण करावी. ही फळे झाडावरच पूर्ण लाल होऊ द्यावीत. बी सावलीत वाळवून कोरड्या डबीत ठेवावे. ते साधारण दोन वर्षे चांगले उगवते. वाणसामानाच्या दुकानातील सुक्या मिरचीचे बीही कधी उगवते, पण वाण व वय ठाऊक नसल्याने त्यावर विसंबता येत नाही.

रोपे व लावणी

पावसाळी लावणीसाठी मेअखेर ते जूनमध्ये बी पेरतात. २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात ते साधारण आठ-दहा दिवसांत उगवते. थंडीत यास बराच अधिक वेळ लागतो. माती व चाळलेले शेणखत भरलेल्या कुंडीत बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल पेरून झारीने पाणी द्यावे. रोपे सर्वांत जास्त दगावतात ती याच अवस्थेत, आणि कारण बहुधा पाण्याची टंचाई नसून अतिरेक असते. सतत ओल्या मातीत बुरशी वाढते आणि रोपे जमिनीलगत कुजून कोलमडतात. म्हणून दाट पेरू नये आणि वरची माती किंचित सुकल्यावरच पाणी द्यावे.

पाच-सहा आठवड्यांची रोपे सायंकाळी ४५ ते ६० सेंटिमीटर अंतरावर लावून लगेच पाणी द्यावे. बुंध्याभोवती पालापाचोळा पसरल्यास ओल टिकते. उन्हाळ्यात पारा ३८ अंशांच्या पुढे गेला की फुले गळतात. तेव्हा दुपारची सावली उपयोगी पडते, जादा खत नव्हे.

पाने आखडणे

पाने आखडून लहान होणे यास चुरडा-मुरडा किंवा बोकड्या म्हणतात. फुलकिडे व कोळी रस शोषतात, तर पांढरी माशी विषाणू पसरवते. किडींसाठी ५ टक्के निंबोळी अर्क फवारतात. विषाणूग्रस्त झाड मात्र बरे होत नाही. ते उपटून नष्ट करावे व त्याचे बी धरू नये.

तोडणी

लावणीनंतर सुमारे दोन महिन्यांनी हिरवी मिरची तोडणीस येते. फळे वेळेवर तोडल्यास नवी फुले येत राहतात. तिखटपणा देणारे कॅप्सेसिन मुख्यतः बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गाभ्यात तयार होते. बी स्वतः फारसे तिखट नसते. पक्ष्यांना हा तिखटपणा जाणवत नाही, त्यामुळे बियाण्यासाठी राखलेली लाल फळे त्यांच्यापासून जपावी लागतात.