साथीचा लगाम आणि उशिरा येणारा आकडा

साथरोगांच्या गणिताचा इतिहास लिहिणाऱ्यास मुंबई बेट वगळता येणार नाही. केरमॅक व मॅकेन्ड्रिक या स्कॉटिश संशोधकांनी १९२७ साली साथीची जी समीकरणे मांडली, त्यांचा ताळा पाहिला तो १९०५-०६ मधील मुंबईच्या प्लेगमृत्यूंच्या साप्ताहिक आकड्यांशी. (प्लेग उंदरांच्या पिसवांमुळे पसरत होता आणि समीकरणांत उंदीर नव्हता, तरीही वक्ररेषा जुळली! गणितावर फाजील विश्वास ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.) मात्र साथ कशी चढते व उतरते एवढेच ती समीकरणे सांगतात. सरकारने निर्बंध केव्हा आवळावेत आणि केव्हा सैल करावेत, हा प्रश्न नियंत्रणशास्त्राचा आहे.

मोजावे, कृती करावी, परिणाम पुन्हा मोजून कृतीत फेरफार करावा, हे या शास्त्राचे मर्म. त्यातील खरा शत्रू विलंब. गीझरचे पाणी नळापर्यंत येण्यास वेळ लागतो. तेवढ्यात उतावळा मनुष्य चावी आणखी फिरवतो आणि मग हात पोळून घेतो. कोरोनाच्या संसर्गापासून लक्षणे, चाचणी आणि नोंद होईपर्यंत आठ-दहा दिवस सहज जात. म्हणजे शासनापुढचा आजचा आकडा मागच्या आठवड्याचा असे.

महाराष्ट्र शासनाने जून २०२१ मध्ये पाच स्तरांची योजना आणली, ती या विचाराच्या बरीच जवळ होती. बाधितांचे प्रमाण ५ टक्क्यांखाली आणि प्राणवायूच्या खाटांपैकी २५ टक्क्यांहून कमी व्यापलेल्या असतील, तर पहिला स्तर. आकडे वाढतील तसे निर्बंध कडक. नियम आधीच जाहीर असल्याने व्यापाऱ्याला अंदाज बांधता येत होता. परंतु २५ जूनच्या आदेशाने आकडे कितीही उतरले तरी तिसऱ्या स्तराखाली कोणालाच येता येईना. विषाणूच्या नव्या रूपाची धास्ती खरी होती. पण गिरगावातील जो दुकानदार चार वाजता फळी लावत होता, त्याच्या दृष्टीने आकडा आणि निर्बंध यांचा संबंधच तुटला. धोका वाढला असेल तर उंबरठे खाली आणावेत, मोजपट्टीच गुंडाळून ठेवू नये.

याहून गंभीर बाब अशी की, कृतीमुळे मोजमापच बिघडू शकते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरमध्ये रोग्यांना सक्तीने रुग्णालयात हलविण्याचा आदेश निघाला. लोकांनी रोगी लपविले, मृत्यूची कारणे भलतीच नोंदविली. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. पुढे हजारो लोक शहर सोडून गेले आणि त्यांच्याबरोबर रोगही. जितकी सक्ती अधिक, तितका आकडा खोटा, आणि खोट्या आकड्यावर पुढची सक्ती, असे ते चक्र होते.

गिरगावच्या चाळीत एका खोलीत सहा माणसे राहतात, शौचालय सामाईक असते. तेथे गृहविलगीकरण हा शब्द कागदावरच शोभतो. तिथल्या खानावळीतील रोजंदारी कामगाराने खोकला आल्याबरोबर चाचणी करावी, ही अपेक्षा रास्त आहे. पण चाचणीचा निकाल आला की त्याची दोन आठवड्यांची मजुरी बुडणार असेल, तर तो थांबेल, औषधाच्या दुकानातून गोळ्या आणील आणि आठ दिवसांचा विलंब पंधरा दिवसांवर जाईल. ती मजुरी सरकारने भरून देणे हा मोजमापाचा खर्च होय. तो धर्मादायाच्या खाती टाकण्याचे कारण नाही.