मोहोरबंद आठ गुण

काड्यांच्या पेट्यांवरील चित्रें जमविण्याचा छंद आपणांपैकीं पुष्कळांस लहानपणीं असेल. अमेरिकेंत ह्याच जातीच्या एका छंदाचा मोठा बाजार झाला आहे, आणि त्या बाजारांत खरें-खोटें ठरवून देणें हाच ज्यांचा धंदा, अशा कंपन्याही निघाल्या आहेत. त्यांच्या शिक्क्यावर कितपत विसंबावें, हें ज्यास समजून घ्यावयाचें असेल त्यानें होनस वॅग्नरच्या चित्राची हकीकत ऐकावी.

वॅग्नर हा पिट्सबर्ग संघाचा नामांकित बेसबॉलपटू. अमेरिकन टोबॅको कंपनीनें १९०९ ते १९११ ह्या काळांत सिगारेटच्या पाकिटांत खेळाडूंचीं चित्रें घातलीं. त्यांत वॅग्नरचेंही होतें. पण त्याची छपाई लवकरच थांबली. आपल्या चित्रापायीं मुलांनीं तंबाखू विकत घ्यावी हें त्यास रुचलें नाहीं, असें कोणी सांगतात. मोबदल्यावरून बिनसलें, असें कोणी म्हणतात. (पहिलें कारण अधिक शोभिवंत आहे, एवढ्यावरून तें खरें मानण्याचें कारण नाहीं.) कसेंही असो, हीं चित्रें पन्नास-साठच उरलीं आहेत.

त्यांपैकीं एक बिल मास्ट्रो नांवाच्या व्यापाऱ्यानें १९८५ सालीं २५,००० डॉलरांस घेतलें आणि दोन वर्षांनीं १,१०,००० डॉलरांस विकलें. १९९१ सालच्या लिलावांत हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की व त्याचा भागीदार यांनीं त्याच चित्रास ४,५१,००० डॉलर मोजले. त्याच वर्षीं कॅलिफोर्नियांत 'प्रोफेशनल स्पोर्ट्स ऑथेंटिकेटर' ही कंपनी निघाली होती. फी घेऊन चित्र तपासावें, त्यास दहांपैकीं गुण द्यावेत आणि पारदर्शक डबींत तें बंद करून वर क्रमांक घालावा, हा तिचा व्यवसाय. पहिला क्रमांक मिळाला तो ह्याच चित्रास, व गुण मिळाले आठ! नव्या कंपनीस ह्याहून चांगली जाहिरात ती कोणती?

अशा चित्रांचे कोपरे कालांतरानें झिजून गोल होतात. धारदार पात्यानें कडा केसभर छाटली कीं ते पुन्हा टोकदार दिसूं लागतात. म्हणूनच छाटलेल्या चित्रास गुण द्यावयाचे नाहींत, असा ह्या धंद्याचा दंडक आहे. असें असतां, त्या पहिल्या परीक्षकांपैकीं एकानें पुढें बातमीदारांजवळ कबूल केलें कीं, चित्राच्या कडा छाटलेल्या आहेत हें गुण देतांनाच आपणांस ठाऊक होतें. परंतु एवढ्या देखण्या चित्रास छाटलेलें म्हणणें आपणांस बरें वाटेना.

ह्या कबुलीपाशीं थोडें थांबलें पाहिजे. सोनाराच्या कसोटीस दागिन्याचा मोह पडत नाहीं. पण परीक्षक हा माणूस आहे, शिवाय पगारी आहे, आणि त्याच्या कंपनीस फी मिळते ती मालाच्या मालकाकडून. बंद दाराआड काय घडलें हें बाहेरच्यास कळावयाचें तर आंतल्या माणसानेंच तोंड उघडलें पाहिजे. नोकरींत असतां तो बोलला तर पोटावर पाय येतो. नोकरी सोडून बोलला तर आकसानें बोलतो म्हणून लोक कानाआड करतात. तोंवर डबीवरचा आंकडा मात्र बोलतच असतो. १९९६ सालीं ह्या चित्रास ६,४०,५०० डॉलर आले, २००० सालीं १२,६५,००० आणि २००७ सालीं तें दोनदां विकलें जाऊन अखेर २८,००,००० डॉलरांस गेलें. गिऱ्हाईक चित्र घेत होतें कीं डबी, हें सांगणें कठीण आहे.

न्यायालयानें उलगडा केला तो निराळ्याच निमित्तानें. मास्ट्रोनें पुढें लिलावाची पेढी काढली होती. आपल्याच माणसांकडून खोट्या बोली लावून किंमती चढविल्याबद्दल २०१२ सालीं शिकागोच्या फेडरल न्यायालयांत त्याजवर आरोप ठेवण्यांत आला. २०१३ सालीं त्यानें गुन्हा कबूल केला आणि त्या ओघांतच, वॅग्नरच्या चित्राच्या कडा आपण छाटल्या होत्या, हेंही सांगून टाकलें. २०१५ सालीं त्यास वीस महिन्यांची कैद झाली.

वॅग्नरचींच दुसरीं दोन चित्रें त्यानंतर विकलीं गेलीं. २०२१ सालीं एकास ६६ लाख डॉलर आले, २०२२ सालीं दुसऱ्यास साडेबहात्तर लाख. त्यांस दुसऱ्या एका कंपनीनें दिलेले गुण अनुक्रमें तीन व दोन होते.