भिसे यांचे शोध आणि पेटंटचा नियम

मुंबईत जन्मलेले शंकर आबाजी भिसे (1867–1935) यांनी लंडन आणि अमेरिकेत संशोधन करून अनेक पेटंटे मिळवली. दादाभाई नौरोजींनी त्यांना पाठबळ दिले. वाणसामान आपोआप तोलून देणारे यंत्र, जाहिरातींचा विजेचा फलक, छपाईचे खिळे भराभर ओतणारे 'भिसोटाइप' आणि 'ॲटोमिडीन' हे आयोडीनयुक्त औषध, एवढा त्यांच्या कामाचा आवाका होता. भिसे यांचे नाव आपल्या प्रत्येक शाळेत माहीत असायला हवे.

पेटंट नुसत्या कल्पनेला मिळत नाही. शोध नवा हवा, त्या विषयातल्या जाणकाराला सहज सुचणारा नसावा आणि उद्योगात वापरता यायला हवा. अर्जात शोधाची कृती पूर्ण उघड करावी लागते. त्या बदल्यात अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षांचा हक्क मिळतो. मात्र तो टिकवण्यासाठी ठरावीक शुल्क भरावे लागते. मुदत संपली की शोध सर्वांसाठी खुला होतो.

यवतमाळ जिल्ह्यात कुणी कापूस वेचण्याचे सोपे अवजार बनवले, तर अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातो. आधी अर्ज करावा, मगच ते प्रदर्शनात मांडावे. आधीच जगजाहीर झालेल्या शोधाचे नवेपण कायद्याच्या नजरेत सहसा उरत नाही.